किनोआ कधी मोकळा, कधी गिच्च: दर वेळी वेगळं का होतं?

बहिणीकडून पातेल्याचा फोटो आला की खालचं वाक्य मला वाचावं लागत नाही. आत पांढरट गोळा, गोळ्यात उभा राहिलेला चमचा. "दादा, परत गिच्च झाला रे! मागच्या वेळी एवढा मोकळा झाला होता. मी काहीसुद्धा वेगळं केलं नाही, शपथ!"

तिच्या शपथेवर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण दुखणं तिथंच आहे. मागच्या वेळी घरात दोघंच होती म्हणून तिनं एक कप किनोआ लावला होता. या वेळी सहा जण जेवायला, म्हणून तीन कप. पाणी दोन्ही वेळा दुप्पट. तिच्या लेखी काही बदललं नव्हतं आणि पातेल्यात सगळंच बदललं होतं.

मीही दोनेक वर्षं याच चक्रात होतो. दोनदा छान, तिसऱ्यांदा खळ. चौथ्यांदा धसका घेऊन पाणी कमी घातलं तर बुडाला करपलेला आणि वर कच्चा. पाचव्यांदा मोकळा झाला, पण चव साबण चाटल्यासारखी. शेवटी एक दिवस वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि धुण्यापासून शिजेपर्यंत दर पायरीला वजन करत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो. सगळ्यात जास्त जागा गिच्च होण्याला देतोय, कारण निम्म्याहून अधिक तक्रारी तिथूनच येतात.

गिच्च होतो, खाली पाणी साचतं

पाकिटावर एकास दोन असं प्रमाण छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण त्या 'दोन'मध्ये वेगवेगळी पाणी एकत्र कोंबलेली आहेत आणि प्रत्येकाची चाल निराळी आहे.

पहिलं, दाणे पितात ते. कपभर, म्हणजे साधारण १७० ग्रॅम कोरडा किनोआ नीट शिजला की ५२० ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे दाण्यांनी ३५० मिली पाणी पोटात घेतलं. हे दाण्यांच्या हिशोबानं वाढतं, तीन कपांना तिप्पट.

दुसरं, वाफेवाटे जातं ते. झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटांत माझ्या पातेल्यातून ६० मिलीच्या आसपास पाणी उडून जातं. हे ठरतं पातेल्याच्या तोंडावर, झाकणाच्या फटीवर आणि आचेवर. आत एक कप दाणे आहेत की तीन, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

तिसरं पाणी कुणाच्याच हिशोबात नसतं. धुतल्यावर दाण्यांना चिकटून जे येतं ते. मी दोन मिनिटं निथळलेला किनोआ काट्यावर ठेवला तेव्हा १७० ग्रॅमचे २२० ग्रॅम झाले होते. ५० मिली पाणी आधीच पातेल्यात, आणि आपण वरून पुन्हा पूर्ण माप ओततो.

आता जुळवून बघा. एका कपाला ३५० अधिक ६०, वजा ५०: घालायचं पाणी ३६० मिली, म्हणजे २४० मिलीच्या मापानं दीड कप. तीन कपांना १०५० अधिक ६०, वजा १५०: ९६० मिली, म्हणजे चार कप. एकास दोनच्या नियमानं मात्र तीन कपांना सहा कप पाणी पडतं. दोन कप जास्त! एका कपाच्या वेळी जेमतेम अर्धा कप जास्त झालेला असतो. तो झाकण काढून दोन मिनिटं आच ठेवली की निघून जातो आणि आपल्या लक्षातही येत नाही. दोन कप असे निघून जात नाहीत. बहिणीच्या फोटोतला गोळा तो हाच.

तुमचं पातेलं माझं नाही, म्हणून तुमचा वाफेचा आकडा एकदा काढून ठेवा. पातेलं झाकणासकट, पाणी आणि दाण्यांसकट, गॅसवर चढवण्याआधी तोला. शिजल्यावर झाकण न उघडता पुन्हा तोला. जेवढं कमी भरलं तेवढी वाफ. हे एकदाच करायचं काम आहे. सैल झाकणाच्या पसरट पातेल्यात हा आकडा सहज दुप्पट येतो, आणि जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात अगदी थोडा.

(संयुक्त राष्ट्रांनी २०१३ साल आंतरराष्ट्रीय किनोआ वर्ष म्हणून पाळलं. तेव्हापासून त्यातल्या प्रथिनांबद्दल मी इतकं वाचलंय की पाठ झालंय. निथळण्याबद्दल एक ओळ वाचल्याचं आठवत नाही.)

पाणी बरोबर असूनही गिच्च होत असेल तर हाताकडे बघा. मधेमधे ढवळताय का? किनोआचा दाणा शिजला की त्याच्या कडेनं गुंडाळलेला अंकुर सुटून पांढऱ्या शेपटीसारखा बाहेर येतो. त्या अवस्थेत चमचा फिरवला की शेपट्या तुटतात, दाणे फुटतात आणि आतला स्टार्च पाण्यात उतरतो. मग खळ होणारच. एक उकळी आली की आच मंद करायची, झाकण ठेवायचं आणि हात बांधून बसायचं. खळखळ उकळून काही लवकर होत नाही. किनोआतला स्टार्च ७० अंशांच्या आतच फुगायला लागतो, जोरदार उकळीनं फक्त दाणे आपटतात.

आणि गॅस बंद केल्यावर लगेच उघडायचं नाही. दहा मिनिटं मुरू द्यायचं. यात एक बारकावा आहे: झाकणाला आतून जमलेलं पाणी थेंबथेंब पुन्हा दाण्यांवर पडतं आणि वरचा थर चिकट होतो. म्हणून गॅस बंद झाल्यावर झाकणाखाली एक स्वच्छ सुती फडकं घालायचं. वाफ फडक्यात जिरते. नंतर काट्यानं, चमच्यानं नव्हे, कडेकडेनं हलक्या हातानं मोकळा करायचा.

मापाची कटकटच नको असेल तर

तर मापच सोडून द्या. मी हल्ली दोन कपांच्या वर करायचा असला की हेच करतो, आणि बहिणीलाही शेवटी हेच सांगितलं.

मोठ्या पातेल्यात कपाला सहा-सात कप पाणी खळखळ उकळायचं, मीठ घालायचं, धुतलेला किनोआ टाकायचा. झाकण नको. पांढरा असेल तर दहाव्या मिनिटापासून दाणे बघायला लागा. शेपटी सुटलेली दिसली की चार दाणे काढून बोटांत दाबा. मधे खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर अजून दोन मिनिटं. ठिपका गेला आणि दाताखाली किंचित टणक लागला की लगेच बारीक जाळीच्या गाळणीत ओता. गाळणी दोन-चारदा झटका. मग दाणे त्याच गरम, रिकाम्या पातेल्यात परत, वर फडकं, झाकण, दहा मिनिटं. गॅस बंदच.

इथे पाणी किती घातलं, धुताना किती आलं, वाफ किती गेली, कशालाच महत्त्व उरत नाही. लक्ष फक्त वेळेवर. पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वं आणि खनिजं त्या पाण्याबरोबर जातात, हे खरं. ते पाणी ओतवत नसेल तर सूपमध्ये वापरा, पण आधी चाखून बघा. दाणे नीट धुतले नसतील तर सगळा कडवटपणा त्यातच उतरलेला असतो.

झालाच गिच्च, आता?

पसरट ताटलीत किंवा ट्रेमध्ये पातळ थर करा आणि पंख्याखाली ठेवा. थोडा चिकट असेल तर पंधरा मिनिटांत बराच सुटतो. जास्त ओला असेल तर रुंद पॅनमध्ये, मंद आचेवर, न ढवळता, अधूनमधून फक्त पॅन हलवत पाणी उडवा. ओव्हन असेल तर १५० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं.

अगदी खळ झाली असेल तर मोकळा करायच्या भानगडीत पडू नका. ती सूप दाट करायला छान. उकडलेला बटाटा किंवा अंडं घालून टिक्क्याही होतात, आणि खरं सांगायचं तर टिक्क्यांना मोकळा किनोआ चालतच नाही, तव्यावर विस्कटतो. मी कधीकधी टिक्क्यांसाठी मुद्दाम बिघडवतो.

कडू लागतो

इथे आधी जिभेला विचारा, कडू म्हणजे नक्की कसा? कडू, खवट आणि करपट या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

पहिला कडूपणा साबणासारखा. घास गिळल्यावर घशाशी रेंगाळतो. तो सॅपोनिनचा. किनोआच्या दाण्यावर या द्रव्याचा लेप असतो. झाडानं तो पाखरं आणि किडे दूर ठेवायला धरलाय, आणि त्यात आपणही आलो. अँडीज पर्वतात, बोलिव्हिया-पेरूच्या उंच पठारावर, जिथे हे पीक हजारो वर्षं घेतलं जातंय, तिथे दगडी उखळात दाणे पायांनी तुडवून, उफणून, धुऊन तो लेप काढायची जुनी रीत आहे. आता यंत्रानं घासून काढतात, आणि पाकिटावर 'धुतलेला' असं लिहिलेलंही असतं. पण प्रत्येक पाकीट सारखं घासलेलं नसतं. म्हणूनच एकदा न धुता छान लागतो आणि पुढच्या पाकिटात तोंड वाकडं होतं.

अंदाज करायची गरज नाही, तपासता येतं. काचेच्या छोट्या बरणीत एक चमचा दाणे, त्यावर चार-पाच चमचे पाणी, झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट जोरात हलवा. बरणी ठेवून द्या. बुडबुडे लगेच विरले तर एकदा खळबळून घेणं पुरे. दाट, साबणासारखा फेस दोन-चार मिनिटांनंतरही वर तसाच उभा राहिला तर नीट धुवावं लागणार. सॅपोनिन किती आहे याची प्रतवारी करणारेही असाच फेस मोजतात, फक्त त्यांच्या हातात फूटपट्टी असते.

नीट धुणं म्हणजे नळाखाली गाळणी धरून पाच सेकंद नव्हे. मोठ्या भांड्यात थंड पाणी, त्यात दाणे, आणि दोन्ही तळव्यांमध्ये घेऊन चोळायचे. पाणी गढूळ आणि फेसाळ होईल. ओता, पुन्हा भरा. फेस धरेनासा होईपर्यंत, बहुधा तीन-चार पाण्यांत होतं. गाळणीच्या जाळीतून दाणे निसटत असतील, आणि निसटतातच, तर गाळणीत पातळ सुती फडकं अंथरा.

भिजत घालायचा असेल तर पंधरा ते तीस मिनिटं पुरेत. रात्रभर घालू नका. किनोआ फार लवकर रुजतो. सकाळी बघाल तर बारीक कोंब फुटायला लागलेले दिसतील, आणि असे दाणे शिजवताना हमखास मेण होतात. मोड आलेला हवाच असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तो शिजवायच्या हिशोबात धरू नका.

दुसरा प्रकार खवट. हा घासात येण्याआधी नाकाला कळतो. पाकीट उघडल्यावर जुन्या तेलासारखा, ऑइलपेंटसारखा वास आला तर तो धुऊन जाणार नाही. किनोआत सहा टक्क्यांच्या आसपास चरबी असते, त्यामुळे उबेला, उजेडाला, उघड्या पाकिटात राहिला की तेल बिघडतं. टाकून द्या. पुढच्या वेळी हवाबंद डब्यात, गार जागी. महिनोन्‌महिने पुरवायचा असेल तर फ्रिजमध्ये. पीठ आणखी लवकर खवटतं, ते फ्रिजमध्येच ठेवा.

तिसरा करपट. शिजवण्याआधी कोरडा भाजून घेतला तर चव खरंच खुलते, मीही भाजतो. पण दाणे इतके बारीक की सोनेरी आणि काळपट यांत अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं. मध्यम आचेवर, सतत हलवत, तडतड ऐकू आली आणि खमंग वास सुटला की लगेच पाणी ओता. धुतलेला ओला किनोआ भाजायला घेतला तर पहिली तीन-चार मिनिटं नुसतं पाणी उडण्यात जातात. मात्र तेव्हा वरच्या हिशोबातले ५० मिली उडाले, हे ध्यानात ठेवून पाणी थोडं वाढवा.

आणि कडूच शिजून गेला असेल तर? गाळणीत घेऊन गरम पाण्यानं एकदा धुवा, निथळा, मीठ थोडं सढळ हातानं घाला आणि वर लिंबू पिळा. मिठानं कडूपणा दबतो. पूर्ण जात नाही, पण जेवण फुकट जात नाही.

कचकच लागतो किंवा कच्चा राहतो

कचकच दोन प्रकारची. वाळूची असेल तर एकाच दाण्याला लागते, दात शहारतात, बाकी सगळं मऊ असतं. हे धुण्यातच सुटतं. भांड्यात पाणी भरून हलवायचं आणि वरवरचे दाणे हातानं गाळणीत काढून घ्यायचे. सगळं एकदम ओतलं तर तळाशी बसलेली वाळूही येणार. सगळेच दाणे कचकचत असतील तर ते शिजलेले नाहीत. अशा वेळी दोन-तीन चमचे उकळतं पाणी शिंपडा, झाकण ठेवा, मंद आचेवर पाच मिनिटं.

लाल आणि काळ्या किनोआचं साल जाड असतं. पांढऱ्याला पंधरा मिनिटं लागत असतील तर त्यांना अठरा ते वीस किंवा थोडी जास्तच, आणि शिजूनही ते दाताला थोडे टणक लागतात. तो दोष नव्हे, सॅलडला तेच बरे. तीन रंगांचं मिश्रण दिसायला सुरेख, शिजवायला तापदायक: काळा होईपर्यंत पांढरा मऊ पडतो. मी मिश्रण घेणं सोडलं. घ्यायचंच असेल तर काळ्याच्या वेळेवर शिजवा आणि पांढऱ्याची फार आशा ठेवू नका.

उंचावर राहणाऱ्यांनी वेळ वाढवावी. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू अंदाजे एका अंशानं उतरतो. गंमत अशी की किनोआचं माहेर असलेलं टिटिकाका सरोवर ३,८०० मीटरच्या वर आहे. तिथे पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं आणि तिथली माणसं किनोआ व्यवस्थित शिजवतात. म्हणजे घाई फक्त आपल्याला असते.

कुकरमध्ये

होतो, पण नीट न धुतलेला किनोआ कुकरमध्ये कधीच नको. फेस वर चढतो आणि वाफेच्या वाटेत अडकतो. धुतलेला असला तरी कुकर निम्म्याच्या वर भरू नका. वाफ बाहेर जवळजवळ जात नाही, म्हणून पाणी कपाला सव्वा ते दीड. विजेच्या प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर एक मिनिट, आणि मग दाब आपोआप उतरू द्यायचा. साध्या शिट्टीच्या कुकरमध्ये मला कधी सलग दोनदा सारखा जमलेला नाही, त्यामुळे त्यावर सल्ला देत नाही.

दुधात शिजवताना बुडाला लागत असेल तर आधी पाण्यात तीन चतुर्थांश शिजवा, मग दूध घाला.

दुसऱ्या दिवशी ढेकळं होतात

रोजच्या जेवणात किनोआ टिकायचा असेल तर तो एकदा करून तीन दिवस वापरता आला पाहिजे, नाहीतर रोज धुणं-निथळणं कोण करणार? इथे चूक बहुतेक वेळा डबा भरण्यात असते. गरम किनोआ डब्यात दाबून भरला, झाकण लावलं, की आतली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. वरची ढेकळं, खालचा चिखल. आधी ट्रेवर पातळ पसरा, वाफ पूर्ण जाऊ द्या, मग सैलसर भरा.

पण 'गार होऊ द्या' म्हणजे दुपारभर ओट्यावर नव्हे. शिजलेल्या धान्यात बॅसिलस सेरेअस नावाचा जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्यानं तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पातळ पसरला की अर्ध्या तासात गार होतो. कसंही करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपला पाहिजे. जास्त केला असेल तर एकेका जेवणापुरता चपट्या पिशव्यांत भरून फ्रीझरला टाका. चपटा थर दोन मिनिटांत सुटतो, गोळा सुटत नाही.

फ्रिजमधला किनोआ कोरडा आणि आवळलेला वाटतो. कपाला एक चमचा पाणी शिंपडून, झाकून गरम करा, पुन्हा फुलतो. सॅलडमध्ये मात्र गारच घाला, आणि ड्रेसिंग जेवायच्या आधी दहा मिनिटं. गरम दाणे सगळं ड्रेसिंग पिऊन टाकतात आणि तरी फिके लागतात. सूपमध्ये शिजलेला किनोआ वाढतानाच घाला. सकाळी पातेल्यात घालून ठेवलात तर रात्रीपर्यंत सूप उरत नाही, नुसता फुगलेला किनोआ उरतो. हा फोटोसुद्धा मला येऊन गेलाय.

खाल्ल्यावर पोट जड होतं

पहिला संशय अर्धवट धुण्यावर घ्या, दुसरा एकदम जास्त खाण्यावर. शिजलेला अर्धा कप एवढ्यापासून सुरुवात करा. किनोआ पालक-बिटाच्या कुळातला, गव्हाशी त्याचं नातं नाही, त्यामुळे त्यात ग्लुटेन नसतं. पण ग्लुटेननं खरोखर त्रास होणाऱ्यांनी पाकिटावर तसा स्पष्ट उल्लेख बघूनच घ्यावा, कारण दळताना-भरताना दुसऱ्या धान्याची भेसळ होऊ शकते. काही थोड्या लोकांना किनोआचीच ॲलर्जी असते. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं असं काही झालं तर धुण्याचे प्रयोग करत बसू नका, खाणं थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.